पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड : यंत्र बसविले म्हणजे काम संपले काय?

चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या शाळांत आठ-दहा वर्षांच्या मुलांचे दात पाहिले असता पुढच्या दातांवर पांढुरके, पिवळसर किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसून येतात. दात घासण्यात हयगय होते, असा ठपका बहुधा मुलांवर ठेवला जातो. तो अन्यायाचा आहे. हे डाग बाहेरून बसलेले नसून दात हिरडीत तयार होत असतानाच आतून उमटलेले असतात. ते मिसरीने जात नाहीत की पेस्टनेही जात नाहीत. गावच्या पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइड नावाच्या क्षाराची ती खूण होय. आणि हीच खूण त्या गावच्या पन्नाशीतल्या माणसांच्या ताठरलेल्या मानेत, न वाकणाऱ्या गुडघ्यांत आणि धरून राहिलेल्या कंबरेत वेगळ्या रूपाने दिसते. दातांचा रोग सौंदर्य बिघडवितो. हाडांचा रोग मात्र कास्तकाराचे काम बंद पाडतो. दोहोंवर एकदा जडल्यानंतर खात्रीचा उपाय नाही. उपाय आहे तो जडण्यापूर्वीचा, आणि तो पाण्याचाच आहे.

भूजल निर्मळ, नदी-नाल्याचे पाणी घाणेरडे, अशी समजूत गेल्या पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांत रुजली आहे. तिला कारणही तसेच घडले. १९७२ च्या दुष्काळात उघड्या विहिरी आटल्या, उरल्यासुरल्या पाण्याने पटकी-अतिसाराची भीती निर्माण झाली, आणि त्यानंतर खडक फोडून खोल विंधनविहिरी घेण्याचे काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाले. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या दणकट पोलादी हातपंपांवरूनच पुढे सबंध देशात पसरलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप विकसित झाला, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे. या हातपंपांनी असंख्य मुलांचे प्राण वाचविले, हे विसरून चालणार नाही. तथापि त्यांनी जे पाणी वर आणले त्यात जंतू नसले तरी खडकातील क्षार होते. आणि क्षारांची तपासणी त्या घाईत सर्वत्र झाली नाही.

राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यातील पाण्यात फ्लोराइड सहसा बेताचे असते. पूर्वेकडे व आग्नेयेकडे जेथे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या जुन्या स्फटिकी खडकांची भूमी सुरू होते, तेथे स्थिती बदलते. या खडकांतील काही खनिजांत फ्लोराइड असते. पाणी त्यांच्या भेगांतून जितका दीर्घ काळ मुरत राहील तितके ते अधिक विरघळते. म्हणून सामान्यतः खोल बोअरच्या पाण्यात ते अधिक आणि उथळ विहिरीच्या पाण्यात कमी आढळते. पाण्यात चुन्याचा अंश भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते. चुना कमी आणि सोड्याचा अंश जास्त असेल तर ते पाण्यातच राहते.

यातूनच एक चमत्कारिक घोटाळा होतो, आणि गावोगाव काम करणाऱ्या सेवकांनी तो नीट समजून घ्यावयास हवा. चुना कमी म्हणजे पाणी मृदू. मृदू पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, चहा चांगला लागतो. त्यामुळे पुष्कळदा ज्या बोअरमध्ये फ्लोराइड सर्वांत अधिक, तिचेच पाणी गावातील स्त्रिया सर्वांत गोड म्हणून भरतात आणि कडेची जड पाण्याची विहीर कपड्यांसाठी सोडून देतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांना आणि जिभेला जे कळत नाही त्याविषयी केवळ व्याख्यान देऊन लोकांची खात्री पटेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. चाचणी संचातील द्रावण लोकांसमोर घालून, दोन विहिरींच्या पाण्याचे दोन वेगवेगळे रंग शेजारी शेजारी दाखविले म्हणजे जे काम होते ते दहा भाषणांनी होत नाही. जलजीवन मिशनच्या कार्यक्रमात प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना अशी चाचणी शिकविण्याची तरतूद आहे. ज्या गावात हे संच कपाटात बंद पडून आहेत, तेथे ते बाहेर काढण्याइतके स्वस्त सुधारणेचे काम दुसरे नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असावे. दुसरा उद्भव नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. हे आकडे पाहून कोणी म्हणेल, २ मिलिग्रॅमने असे काय बिघडते? हिशेब करून पाहावा. सावलीत बसून काम करणारा मनुष्य दिवसाला दोन लिटर पाणी प्याला तर त्याच्या पोटात ४ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. वैशाखात उन्हात राबणारा मजूर चार लिटर प्याला तर ८ मिलिग्रॅम. त्यात भात, वरण व चहा यांच्यासाठी वापरलेले पाणी निराळेच; शिवाय चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असते. पाणी एकच असले तरी जो अधिक घाम गाळतो आणि ज्याच्या ताटात दूध, ताक, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या कमी पडतात, त्याला बाधा अधिक होते. थोडक्यात, हा रोग सर्वांना सारखा लागत नाही. तो गरिबाला आधी धरतो.

आणखी काही गैरसमज येथेच निस्तरलेले बरे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. टी.सी.एल. पावडर जंतूंसाठी आहे. फ्लोराइडवर तिचा परिणाम होत नाही. ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले याचा अर्थ पाण्याची स्वच्छता व निर्जंतुकीकरण ठीक आहे, एवढाच होतो. क्षारांबाबत ते कार्ड काही सांगत नाही. घरातील मेणबत्तीचा फिल्टर गाळ अडवितो, विरघळलेले फ्लोराइड अडवीत नाही. घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरविण्याच्या जुन्या रिवाजाने गढूळपणा बसतो, परंतु तेवढ्या तुरटीने फ्लोराइड उतरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. फ्लोराइडबाधित गाव म्हणून नोंद झाली की, गावाला शुद्धीकरणाचे यंत्र मिळावे अशी मागणी होते. यथावकाश यंत्र येते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. त्यानंतर काय होते? कोठे विजेचे बिल थकते, कोठे पडदा चोंदतो आणि नवा आणावयास पैसे नसतात, कोठे चालविणारा मुलगा मानधनाअभावी शहरात निघून जातो. कुलूप लागलेली खोली आणि तिच्यासमोर पुन्हा त्याच जुन्या हातपंपावर लागलेली रांग, हे दृश्य अपवादात्मक नाही. याचा दोष यंत्राला देणे सोपे आहे, गावाला देणे त्याहून सोपे आहे. खरे पाहता दोष त्या समजुतीत आहे की, शुद्ध पाणी ही एकदा बांधून द्यावयाची वस्तू आहे. ती वस्तू नव्हे, रोजचे काम आहे. शेतात विहीर खणून दिली म्हणजे ओलित झाले असे कोणी शेतकरी मानीत नाही. मग पाण्याच्या शुद्धीबाबत तरी तसे का मानावे?

यंत्राचा विचार सर्वांत शेवटी झाला पाहिजे. त्यापूर्वी गावाच्या शिवारातील प्रत्येक उद्भव, म्हणजे हातपंप, बोअर, सार्वजनिक विहीर, आणि मालक राजी असल्यास खाजगी विहीरसुद्धा, एकेक करून तपासावयास हवा. एकाच गावात दोनशे पावलांवर पाण्याची जात बदललेली आढळते. नाल्याकाठच्या किंवा पाझर तलावाखालच्या उथळ विहिरीत फ्लोराइड मर्यादेच्या आत सापडण्याचा पुष्कळ संभव असतो. अशी विहीर सापडल्यास तिला कठडा बांधून, वर जाळी टाकून, सभोवार ओटा करून आणि पाण्यात नियमाने टी.सी.एल. घालून तीच पिण्यासाठी राखावी. जंतूंचा बंदोबस्त स्वस्तात व रोज करता येतो. फ्लोराइडचा तसा येत नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी ज्या उघड्या विहिरी सोडून दिल्या त्यांच्यापैकी काहींकडे आज पुन्हा, परंतु अधिक जाणतेपणाने, वळावे लागेल. अशी राखलेली विहीर लगतच्या शेतातील नव्या बोअरने कोरडी होऊ नये याचीही काळजी घेतली पाहिजे. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास राज्याच्या १९९३ च्या कायद्यानेच प्रतिबंध केला होता. कायदा माहीत असूनही शेजाऱ्याचे मन दुखवावयाचे नाही म्हणून ग्रामपंचायती गप्प राहतात, आणि उन्हाळ्यात सर्वच तहानेले राहतात.

चांगल्या विहिरीचे पाणी सर्व गावाला पुरत नसेल, तर मिसळण्याचा उपाय आहे. हा उपाय इतका साधा आहे की, त्याकडे दुर्लक्षच होते. बोअरमध्ये लिटरमागे ३ मिलिग्रॅम आणि विहिरीत अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असे समजू. विहिरीच्या दोन भागांत बोअरचा एक भाग मिसळला तर टाकीतील पाण्यात ते सुमारे १.३ राहील, तीन भागांत एक मिसळला तर १.१ च्या जवळपास येईल. त्यासाठी दोन नळ, एक टाकी आणि मोजमाप ठेवणारा एक विश्वासू माणूस एवढेच लागते. मात्र उन्हाळ्यात विहीर खाली गेली म्हणजे पंप चालविणारा नकळत बोअरचे पाणी वाढवितो, आणि तेथेच योजना फसते. एप्रिल-मे या दोन महिन्यांत टाकीचे पाणी दर आठवड्याला तपासणे यासाठीच आवश्यक आहे.

दूरच्या धरणाचे वा नदीचे पाणी नळाने आणणे हा कायमचा उपाय म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेही. फ्लोराइडमुळे देशभर नाव झालेल्या नळगोंडा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. तेलंगण राज्याने २०१६ साली कार्यान्वित केलेल्या मिशन भगीरथ योजनेतून तेथील गावांना कृष्णा नदीचे पाणी दिले. परंतु प्रादेशिक योजनेच्या नळाला पाणी येणार म्हणून गावचा विचार थांबवू नये. लांबच्या नळाला गळती लागते, वीज जाते, शेवटच्या गावाला आठ-आठ दिवस पाणी पोहोचत नाही. त्या आठ दिवसांत लोक पुन्हा बोअरवरच जातात. ज्या हातपंपावर लाल रंगाने ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहिलेले असते, त्यावरील अक्षरे दोन पावसाळ्यांत पुसट होतात, आणि नव्याने गावात आलेल्या सुनेला ते कोणी सांगत नाही.

पर्यायी पाणी नाहीच, असे ठरल्यावर शुद्धीकरणाचा प्रश्न येतो. येथे पहिली दक्षता ही की, सगळे पाणी शुद्ध करावयाचे नसते. ग्रामीण योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात. त्यातील पिण्यास व स्वयंपाकास आठ ते दहा लिटर लागतात. उरलेले आंघोळ, धुणे, गुरे, सारवण यांत जाते. हजार वस्तीच्या गावात ५५,००० लिटर शुद्ध करणे आणि १०,००० लिटर शुद्ध करणे यांतील खर्चाचे अंतर सांगावयास नको. या दहा हजार लिटरांसाठी निराळी टाकी व निराळे नळकोंडाळे असावे. त्यावर घरापासून दूर जावे लागण्याचा आक्षेप येतो, आणि तो खराच आहे. म्हणून एकाऐवजी वस्तीवस्तीत दोन-तीन नळकोंडाळी द्यावीत, आणि त्यातील एक गावकुसाबाहेरच्या वस्तीत प्रथम द्यावे.

शुद्धीकरणाच्या रीतींपैकी एक नागपूरची आहे. १९५८ साली तेथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि जी पुढे ‘नीरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिने १९७० नंतरच्या दशकात नळगोंडा पद्धत तयार केली. पाण्यात तुरटी व थोडा चुना घालून ढवळावयाचे, गाळ खाली बसू द्यावयाचा, वरचे निवळ पाणी गाळून घ्यावयाचे. जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर सोबत घालावयाची. तुरटी किती, हे पाण्यातील फ्लोराइड आणि त्याचा अल्कधर्म यांवर अवलंबून असते. चुना साधारणतः तुरटीच्या विसाव्या हिश्शाइतका लागतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम तुरटी लागते असे धरले, तर दहा हजार लिटरांना रोज तीन किलो आणि महिन्याला नव्वद किलो तुरटी हवी. एवढी तुरटी महिन्याच्या महिन्याला कोण आणील, कोठे ठेवील, कोणाच्या सहीने बिल निघेल, हे प्रश्न रसायनशास्त्राचे नाहीत. पण पद्धत टिकणार की नाही हे त्यांवरच ठरते. प्रमाण अंदाजाने घातले तर एक तर फ्लोराइड उतरत नाही किंवा पाण्यात तुरटीतील ॲल्युमिनियमचा अंश राहतो. म्हणून तराजू आणि माप यांच्याशिवाय ही रीत चालवू नये. घरगुती प्रमाणावरही ती करता येते : तळापासून दोन बोटे वर तोटी बसविलेली बादली, ठरवून दिलेल्या पुड्या, दहा मिनिटे ढवळणे आणि तासभर निवळू देणे. जेथे वीज बेभरवशाची आहे अशा पाड्यांना हीच रीत अधिक मानवेल.

दुसरी रीत सक्रिय ॲल्युमिना नावाच्या दाणेदार पदार्थातून पाणी गाळण्याची. हे दाणे फ्लोराइड धरून ठेवतात. हातपंपाला जोडूनही असे गाळणे बसविता येते. अडचण एवढीच की, दाणे भरले म्हणजे त्यांचे काम संपते, पण पाणी येत राहते. त्याची चव बदलत नाही, धार कमी होत नाही. लोक निश्चिंत मनाने तेच पाणी पीत राहतात. दाणे पुन्हा कामाला लावण्यासाठी कॉस्टिक सोड्याने व मग आम्लाने धुवावे लागतात. ते जाणकार माणसाचे काम आहे. गावच्या शिपायाकडून ते करवून घेणे धोक्याचे.

तिसरी रीत सर्वांच्या परिचयाची झाली आहे, ती आर.ओ.ची. दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळले जाते आणि फ्लोराइडबरोबर इतर क्षारही निघतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, जेथे खारेपणा हाच मुख्य दोष आहे, तेथे तुरटीचा उपयोग नाही. तेथे गोडे पाणी दुरून आणावे किंवा आर.ओ. वापरावे लागते. परंतु जेथे केवळ फ्लोराइड काढावयाचे आहे तेथे डोळे मिटून आर.ओ. घेऊ नये. लहान यंत्रात पाण्याचा बराच मोठा वाटा टाकाऊ म्हणून बाहेर पडतो, आणि काढलेले सर्व फ्लोराइड त्याच पाण्यात दाटलेले असते. ते नालीत सोडले की पुन्हा जमिनीत. दुष्काळी गावात उपसलेल्या पाण्याचा एवढा भाग फेकून द्यावा, ही गोष्ट मनाला पटणारी नाही.

आता पैशाचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी शुद्ध पाणी वीस लिटरच्या जारने विकले जाते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व रांधावयास रोज पन्नास लिटर, म्हणजे अडीच जार लागतील. महिन्याचे ७५ जार झाले. जार पाच रुपयांना मिळाला तरी ३७५ रुपये, दहाला मिळाला तर ७५०. मजुराच्या घरी एवढा खर्च झेपत नाही. मग काय होते? घरात एक जार येतो, तो पाहुण्यासाठी व म्हाताऱ्यासाठी राखला जातो. भात, वरण, चहा बोअरच्या पाण्यावरच होतो, आणि मूल शाळेतून येऊन माठातलेच पाणी पिते. म्हणजे ज्या मुलाचे दात व हाडे घडत आहेत, नेमके तेच वगळले जाते. पाण्याची किंमत अशी असावी की, घरातील कोणालाही हिशेब करून घोट घ्यावा लागू नये. जारवार दर आकारण्यापेक्षा घरपट्टीबरोबर ठराविक वार्षिक पाणीपट्टी आणि दर माणशी दहा लिटरांचा हक्क, ही रीत न्याय्य आहे.

यापुढे एक तत्त्वाचा वाद उभा राहतो. गावाने आपल्या योजनेचा चालू खर्च स्वतः भागवावा, असे धोरण सांगते, आणि सर्वसाधारण गावापुरते ते योग्यच आहे. फुकटची वस्तू जपली जात नाही, हा अनुभव आहे. परंतु पाणी उपसणे, साठविणे, वाटणे यांचा खर्च वेगळा आणि खडकातील विष काढण्याचा खर्च वेगळा. पहिला प्रत्येक गावाला आहे. दुसरा काहींनाच आहे, आणि त्यात त्या गावांचा अपराध नाही. काळ्या पाषाणावर वसलेल्या गावाने कमी पट्टी भरावी व ग्रॅनाइटवर वसलेल्या गावाने अधिक भरावी, हा न्याय नव्हे. यास्तव वाटपाचा खर्च गावाने पाणीपट्टीतून द्यावा आणि शुद्धीकरणाचा जादा खर्च शासनाने कायमस्वरूपी उचलावा, अशी विभागणी झाली पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ३० टक्के भाग पाण्याच्या कामांना बांधून दिला होता. अशा बंधित निधीत बाधित गावांना अधिक वाटा ठेवता येण्यासारखा आहे.

अशाने गावे बेफिकीर होतील, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, अनुदान यंत्रासाठी न देता निकालासाठी द्यावे. ज्या महिन्यात नळकोंडाळ्यावरील नमुना प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाला त्या महिन्याचे पैसे मिळावेत. झाला नाही तर कारण शोधण्यास तंत्रज्ञ प्रथम यावा आणि दंडाची भाषा त्यानंतर व्हावी. वर्षातून एकदा रासायनिक व दोनदा जंतूंची तपासणी हा नेम साध्या उद्भवाला पुरेसा असेल. शुद्धीकरणावर अवलंबून असलेल्या गावाला तो मुळीच पुरेसा नाही. तेथे फ्लोराइड दरमहा पाहिले गेले पाहिजे.

तंत्रज्ञाचा उल्लेख आला, तो अधिक स्पष्ट केला पाहिजे. हजार-पंधराशे वस्तीच्या प्रत्येक गावाने आपला रसायन जाणणारा माणूस ठेवावा, हे अशक्य आहे. दहा-पंधरा गावांनी मिळून ठेवावा, हे शक्य आहे. दुधाच्या संकलनासाठी गावे एकत्र येतात, मग पाण्यासाठी का येऊ नयेत? पंचायत समितीच्या पातळीवर असा एक फिरता तंत्रज्ञ असावा. त्याच्याकडे तुरटी, चुना, पडदे, दाणे यांचा एकत्रित साठा असावा, म्हणजे खरेदी घाऊक भावाने होईल आणि एका गावचे बंद पडलेले काम दुसऱ्या गावच्या सुट्या भागावर दोन दिवसांत सुरू करता येईल. गावातील जलसुरक्षकाने रोजचे काम पाहावे, नमुना घ्यावा, नोंदवही भरावी. त्याचे मानधन वेळेवर निघाले नाही तर बाकीची सगळी व्यवस्था कागदावर राहील. तेवढे एक पथ्य ग्रामपंचायतीने पाळावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे गावोगावच्या तपासण्यांच्या नोंदी आहेत. त्या इंग्रजी तक्त्यांत न राहता गावच्या चावडीवर मराठी फलकावर लागल्या, तर ग्रामसभेत पाण्याची चर्चा अंदाजाने न होता आकड्यांनी होऊ लागेल.

नायट्रेटविषयी शेतकरी बंधूंना दोन शब्द येथेच सांगणे उचित होईल, कारण तो दोष खडकाचा नसून बव्हंशी माणसाचाच आहे. विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचे मूत, शोषखड्डा आणि पिकाला एकदम टाकलेला युरिया यांतून तो पाण्यात उतरतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तान्ह्या मुलास वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. तुरटीने वा उकळण्याने नायट्रेट जात नाही. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हलविणे आणि युरियाचे हप्ते पाडून देणे, याला खर्च काहीच नाही. उलट खत वाचते.

शुद्धीकरणातून निघणाऱ्या गाळाचा विचार बहुतेक योजनांत केलेला नसतो. नळगोंडा पद्धतीच्या टाकीतून निघणारा गाळ पांढुरका, मऊ असतो. चुन्यासारखा दिसतो म्हणून कोणी तो शेतात पसरतो, कोणी अंगण सारविण्यास नेतो. त्यात उतरविलेले सर्व फ्लोराइड असते. त्यासाठी विहीर व नाल्यापासून दूर, तळाशी पक्की फरशी आणि वर छप्पर असलेला खड्डा पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकातच धरावा. पावसाळ्यापूर्वी तो वाळलेला गाळ झाकून ठेवला आहे की नाही, याची पाहणी जलसुरक्षकाने करून तशी नोंद त्याच वहीत करावी.